भिंगातली चार वर्षं

"माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, पण डोळ्यातलं भिंग कधीही खोटं बोलत नाही! आजपासून सांडखोलच्या किनाऱ्यावर सत्ययुगाला प्रारंभ होत आहे!" असं आरोग्य उपसंचालक डॉ. हेरवाडकर यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या, फीत कापली गेली, आणि मग लक्षात आलं की यंत्राची वायर प्लगपर्यंत पोचत नाही. वीतभर आखूड पडत होती. सत्ययुग पाऊण तास खोळंबलं. शेवटी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून एक्स्टेंशन बोर्ड आला, तेव्हा कुठे ते सुरू झालं.

यंत्राचं सरकारी नाव 'नेत्रभिंग सूर्यसंचय वाचक'. गावानं दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'चुगली' ठेवलं.

चुगलीची गरज पडली ती रॉकेटांमुळे. आकाशात रॉकेटं इतकी जाऊ लागली होती की एस.टी.पेक्षा त्यांचं वेळापत्रक जास्त पाळलं जाई. त्यांच्या काजळीनं आणि जळून पडणाऱ्या उपग्रहांच्या भुकटीनं वरचा ओझोनचा थर जुन्या धोतरासारखा विरत गेला. खाली अतिनील किरण वाढले, मोतीबिंदू वाढले, आणि दहा वर्षांपूर्वी सरकारनं गॉगलसक्ती केली. सकाळी दहा ते दुपारी चार उघड्यावर काम करायचं तर सरकारी गॉगल हवा आणि 'दुपार परवाना' हवा. वयाची साठ पूर्ण झाली की परवाना कायमचा बंद. आजवर तपासणीला निरीक्षक येत. ते आले की सगळे गॉगल लावत, ते गेले की काढत. दोन्ही बाजू समाधानी होत्या. आता चुगली आली होती.

चुगलीचं शास्त्र तसं सरळ आहे. शरीरातल्या बहुतेक पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. भिंगाचं तसं नाही. त्याचा गाभा आपण आईच्या पोटात असताना तयार होतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. त्यावर कांद्यासारखे नवे थर चढत जातात, जुना एकही टाकला जात नाही. उन्हानं पडलेले डाग तिथेच राहतात. थराथरातले डाग ताडून पाहून यंत्र सांगतं, कोणत्या वर्षी डोळ्यानं किती ऊन झेललं.

पण डाग म्हणजे ऊन नव्हे, आणि खरी गोम इथेच आहे. लहान मुलाचं भिंग स्वच्छ काचेसारखं असतं. अतिनील किरण त्यातून बरेचसे आरपार जातात, आणि धोका असतो मागच्या पडद्याला. मोठेपणी भिंग पिवळसर होतं आणि ते किरण स्वतःच्या अंगावर घेऊ लागतं. हे परवडतं, कारण बाहेरच्या थरांतून गाभ्याकडे एक राखणदार रसायन सतत जात असतं आणि झालेली नासधूस आवरत असतं. पन्नाशीच्या आसपास ती वाट बुजत जाते. शिवाय जे पदार्थ तरुणपणी किरण अडवून निमूट बसायचे, ते आता भिंगातल्या प्रथिनांना चिकटून स्वतःच उपद्रव देऊ लागतात. म्हणजे रखवालदार झोपतो एवढंच नाही, तर झोपेत उठून चोराला दार उघडून देतो. ऊन तेवढंच, गॉगल तोच, पण पन्नाशीनंतर डाग जवळजवळ दुप्पट.

म्हणून चुगली आधी वय बघते, आणि मग डागावरून उन्हाचा अंदाज करते. वय ती ओळखपत्रावरून घेते. ओळखपत्र निघतं शाळेच्या दाखल्यावरून. दाखला कशावरून निघतो, हे यंत्र बनवणाऱ्यांनी विचारलं नव्हतं. ते जर्मनीत राहत होते.

*

मंगळवारी सकाळी मोरेश्वर खडपे तपासणीच्या रांगेत उभे होते. गावाचे मोरूतात्या. सांडखोल ते करंजवाडी ही खाडीवरची तर, म्हणजे उतारूंची होडी, ते गेली तीस वर्षं हाकत होते. माणूस बुटका, डोकं मोठं, हात आखूड. शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. रापलेल्या चेहऱ्यावर डोळ्यांभोवती गॉगलचे दोन गोरे गोल. उतारूंना प्रत्येक फेरीत एक गोष्ट ऐकावी लागे. "सातवीत मला मिशी होती, मिशी! नवीन मास्तर आले तर मला 'अहो' म्हणाले." उतारू हसत. तिकिटात तेही धरलेलं होतं.

यंत्रामागे बसली होती ग्रामीण रुग्णालयाची नेत्रतंत्रज्ञ निशिगंधा. तात्यांची एकुलती मुलगी.

"हनुवटी टेका."

"गॉगल काढू?"

"बाबा, गॉगल लावून डोळा कसा तपासणार?"

"नाही, तूच म्हणाली होतीस, दिवसा काढायचा नाही."

रांग हसली. निशिगंधानंही हसू दाबत त्यांचा गॉगल घेतला आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवला. ती खुंटी ठेकेदारानं स्वतःच्या उंचीची ठोकली होती आणि ठेकेदार सहा फुटांचा होता.

त्या चेष्टेमागे एक जुनी गोष्ट होती. तात्यांचे वडीलही त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत तर हाकत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तरी ते कुणाला सांगत नव्हते. धक्क्यावरच्या माणसांच्या आवाजावरून होडी लावत. एके दिवशी त्यांनी धक्का समजून पाय टाकला आणि धक्का हातभर लांब होता. त्यांना बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता. त्याला दहा वर्षं झाली, तेव्हा निशिगंधा सोळा वर्षांची होती. त्याच धक्क्यावर तिनं बापाकडून वचन घेतलं, की गॉगलशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. ती नेत्रतंत्रज्ञ झाली तीही त्यापायीच.

हिरवा ठिपका लुकलुकला. पडद्यावर आलेख उमटला. निशिगंधानं तो एकदा पाहिला, मग पुन्हा पाहिला.

"तुम्ही जरा बाहेर बसा," ती म्हणाली.

घरी ती त्यांना 'तू' म्हणत असे. मुलगी 'तुम्ही' म्हणाली की काहीतरी बिघडलंय, हे तात्या ओळखत. ते गॉगलसुद्धा न मागता बाहेर गेले. निकाल दारावरच्या पडद्यावर आपोआप झळकला: 'खडपे मोरेश्वर, वय छप्पन्न. पहिली चार वर्षं गॉगलचा वापर नाही. दुपार परवाना सहा महिने स्थगित. नाव गॉगलचुकार यादीत. हरकत असल्यास तीन दिवसांत नोंदवावी.'

पहिली चार वर्षं. म्हणजे वचन दिल्यानंतरची लगेचची.

*

दुपारी तिघं जेवायला बसली. निशिगंधाची आई सुलभा ताटात भात वाढत दोघांकडे पाहत होती.

"हे बघ गोल," शेवटी तात्या डोळ्यांभोवती बोट फिरवत म्हणाले. "हे काय चुन्यानं काढलेत?"

"हे आत्ताचे गोल आहेत. मशीन दहा वर्षांपूर्वीचं बोलतंय."

"दहा वर्षांपूर्वी तुझं मशीन इथे होतं?"

"नव्हतं, म्हणूनच तुला वाटलं कुणाला कळणार नाही."

सुलभाचा हात भातावर थांबला. "निशे, बापाशी बोलतेयस."

"त्याच्याशीच बोलतेय. आजोबांच्या तेराव्याला धक्क्यावर उभं राहून शब्द दिला होता, आणि दुसऱ्या दिवशी गॉगल खिशात!"

"अहो, तुम्ही तरी बोला," सुलभा म्हणाली. "रात्री झोपेतसुद्धा गॉगल चाचपायचे हे, मी पाहिलंय की."

तात्यांनी तोंड उघडलं. काहीतरी सांगणार होते ते नक्की. मग त्यांनी आमटीचा भुरका मारला. "असेल तुझं मशीन खरं," ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

हा माणूस 'पाऊस येईल' हेसुद्धा भांडून पटवत असे. तो इतक्यात हार मानतो याचा निशिगंधाला रागही आला आणि ते तिला खुपलंही. त्या दुपारी तिनं आलेख पुन्हा उघडला. चुकारांचे इतर आलेख तिला ओळखू येत होते. गॉगल नसला की डाग चढत, लावू लागला की उतरत. इथे दहा वर्षांपूर्वी चढ होता, पण चार वर्षांनंतर उतार नव्हताच. गॉगल लावू लागलेल्या माणसाचे डाग उतरत का नाहीत? यंत्राकडे उत्तर तयार होतं: तोवर याची पन्नाशी आली, त्यामुळे डाग तेवढेच राहिले. चढ कुठे संपला आणि वय कुठे सुरू झालं, याचा सांधासुद्धा दिसत नव्हता. फार सोयीचा योगायोग होता.

तिनं पलीकडच्या बंदरावरच्या आठ होडीवाल्यांचे आलेख शेजारी मांडले. प्रत्येकाचा तस्साच चढ होता, पन्नाशीला. बापाचाच शेहेचाळिसाव्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या फेरीला ती होडीत बसली. समोर एक नवा उतारू होता. "सातवीत मला मिशी होती, मिशी!" तात्यांनी सुरुवात केली. शंभर वेळा ऐकलेलं वाक्य, पण निशिगंधा पहिल्यांदाच त्याचा विचार करू लागली.

करंजवाडीला उतारू उतरले. परतीला होडीत दोघंच होती. मध्य खाडीत ती म्हणाली, "बाबा, मिशी नक्की सातवीतच आली?"

"नक्की."

"बारा वर्षांच्या पोराला?"

तात्यांनी इंजिन बंद केलं. होडी पाण्यावर डुलत राहिली. त्यांनी करंजवाडीच्या बाजूला अर्धवट उभ्या असलेल्या पुलाच्या खांबाकडे पाहिलं. त्या पुलाचं भूमिपूजन चार वेळा झालं होतं.

"तळेकर गुरुजी म्हणून होते," ते म्हणाले. "आमच्या वेळी जन्माची नोंद कोण करत होतं? शाळेत नाव घालायचं तर गुरुजी सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान पकड. कान हाताला आला तर सहा वर्षं पूर्ण. जन्मतारीख एक जून."

"आणि तुझा?"

"माझा येईना. डोकं बापाचं, हात आईचे. आई दर जूनला घेऊन जायची, गुरुजी म्हणायचे पुढल्या वर्षी आणा. आई सांगायची, अहो, आठ वर्षांचा आहे. ते म्हणायचे, बाई, नियम आहे."

"किती वर्षं?"

"चार."

"पाचव्या वर्षी कान लागला?"

"नाही. पाचव्या वर्षी मी मान वाकडी केली."

निशिगंधाला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच थांबलं. "म्हणजे तू साठ वर्षांचा आहेस."

"चैत्रात झाली."

"आणि गॉगल?"

"एक दिवस काढला नाही. तुझ्या आजोबांची शपथ."

"मग काल का नाही बोललास? मी तुला काय काय बोलले!"

"बोललो असतो तर साठ झाली असती ना जाहीर," तात्या म्हणाले. "हे बघ. चुकार ठरलो तर सहा महिने घरी. मग साडेतीन वर्षं दुपारची तर माझी. साठ लिहिलीस तर कायमचं बंद. सांडखोलात दुपारचा परवाना दुसऱ्या कुणाकडे आहे? दुपारी कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाच्या छातीत दुखलं, तर पलीकडे कोण नेईल? इथल्या रुग्णालयात डॉक्टर कुठाय? रस्त्यानं बेचाळीस किलोमीटरचा वळसा आहे. मला चुकार म्हण, मी सोसतो."

"तुझं भिंग साठीचं आहे बाबा. आतली राखण दहा वर्षांपूर्वीच संपलीय. गॉगल लावूनसुद्धा जे थोडं कडेनं शिरतं, ते दुप्पट लागतं. अजून चार उन्हाळे दुपारी पाण्यावर काढलेस तर तूही आवाजावर होडी लावशील."

"लावीन."

"आणि मी? मी तुझ्या नावापुढे जाणूनबुजून खोटं ठेवू?"

"काल ठेवलंसच की," तात्या शांतपणे म्हणाले.

त्यांनी इंजिन सुरू केलं.

*

सांडखोलच्या धक्क्यावर यादी चिकटवलेली होती. पहिलंच नाव खडपे. यादीसमोर एक बाई उभी होती, काखेत तापानं मलूल झालेली तीन वर्षांची मुलगी. करंजवाडीच्या डॉक्टरकडे निघाली होती. बाई तात्यांच्या ओळखीची, तिच्या लग्नाचं वऱ्हाडसुद्धा त्यांनीच पार केलं होतं.

"या, वैनी. बसा."

बाई धक्क्याच्या कडेला थांबली. "तात्या, लाइफ जॅकेटं किती आहेत?"

"बारा. नेहमीचीच."

"मोजू का? राग मानू नका हं."

ती उतरली आणि तिनं मोजली. मोठ्यानं. एक, दोन, तीन. सातव्या जॅकेटचा पट्टा ओढून पाहिला. बारा भरल्यावर ओशाळून म्हणाली, "तसं नाही हो तात्या, पण पोरीला घेऊन बसायचं..."

"बरोबर आहे," तात्या म्हणाले.

तीस वर्षांत त्यांच्या होडीतली जॅकेटं कुणी मोजली नव्हती. त्या फेरीत त्यांनी मिशीची गोष्ट सांगितली नाही. धक्क्यावर उभी असलेली निशिगंधा होडी लहान होत जाताना पाहत राहिली. हाकणारा माणूस पाठमोरा होता, पण त्याची मान खाली होती हे इतक्या लांबूनही दिसत होतं.

*

गुरुवारी हरकतीचा शेवटचा दिवस. डॉ. हेरवाडकर जातीनं हजर होते, कारण सांडखोलचा प्रयोग यशस्वी झाल्याचा अहवाल त्यांनी प्रयोगाआधीच पाठवला होता. रांग दाराबाहेर गेली होती. सुलभाही तिच्यात उभी होती, का ते तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. अकराच्या सुमारास तात्या आले, रांग सोडून सरळ आत शिरले, मुलीच्या हातात गॉगल दिला आणि हनुवटी यंत्रावर टेकवली.

निशिगंधानं गॉगल खुंटीला अडकवला. "काय लिहू?" तिनं विचारलं. 'तू' नाही, 'तुम्ही' नाही.

"साठ."

"नीट विचार केलास?"

"काल एका बाईनं माझी जॅकेटं मोजली," तात्या म्हणाले. "म्हातारा म्हणून घरी बसवलात तर बसेन. पण पोरगी काखेत धरून माणसानं माझी जॅकेटं मोजायची नाहीत. लिही."

"एक मिनिट!" हेरवाडकर पुढे आले. "वय असं तोंडी बदलता येत नाही. पुरावा?"

तात्यांनी हनुवटी न हलवता उजवा हात उचलला आणि डोक्यावरून डाव्या कानाकडे नेला. साठाव्या वर्षी, भर रांगेसमोर. बोटं ताणली, खांदा ताणला, चेहरा लाल झाला. कान दोन बोटं लांब राहिला.

"हा कसला पुरावा?"

"तळेकर गुरुजींचा," रांगेतले एक आजोबा म्हणाले. "मीही याच परीक्षेला बसलो होतो. पहिल्या झटक्यात पास."

निशिगंधानं छप्पन्न खोडून साठ केलं आणि बटण दाबलं. यंत्र घुमलं. आलेखातला तो बदनाम चढ जागच्या जागीच राहिला, फक्त त्याचा अर्थ बदलला. पडद्यावर अक्षरं आली: 'गॉगलचा वापर: दहा वर्षं, अखंड.' निशिगंधानं ते मोठ्यानं वाचलं आणि तिथेच थांबली. पुढची ओळ तात्यांनीच वाचली, कारण त्यांना ती पाठच होती. 'दुपार परवाना कायमचा रद्द.'

रांगेत मागे जॅकेटं मोजणारी बाई होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"मग दुपारची तर?" कुणीतरी विचारलं.

"माझा अर्ज घ्या," सुलभा रांगेतून पुढे येत म्हणाली. "वय बावन्न. हे जेवायला घरी यायचे तेव्हा होडी काय आपोआप चालत होती? पंधरा वर्षं मीच नेतेय. परवाना तेवढा नव्हता."

"बाई, हे तुम्ही माझ्यासमोर सांगायला नको होतं," हेरवाडकर म्हणाले. "जन्मतारीख?"

"एक जून."

हेरवाडकरांच्या कपाळावर घाम आला. सुलभानं न सांगताच हात डोक्यावरून नेला. तो कान ओलांडून सरळ गालावर आला. "मला पाचव्या वर्षीच घेतलं शाळेत," ती म्हणाली. "म्हणजे एक्कावन्नच धरा."

हेरवाडकर रांगेकडे वळले. आवाज शक्य तितका सरकारी ठेवून त्यांनी विचारलं, "आणखी कुणाची जन्मतारीख एक जून आहे?"

पन्नाशीपुढचे सगळे हात वर गेले. एक सोडून. तो पोस्टमास्तर होता आणि पुण्याहून बदलून आला होता. वर गेलेले काही हात तिथे थांबले नाहीत. ते आपोआप डोक्यावरून पलीकडच्या कानाकडे निघाले. कुणाचा पोचला, कुणाचा अडला. रुग्णालयाच्या ओसरीत तीसएक प्रौढ माणसं स्वतःचा कान धरायला धडपडत होती, आणि जर्मनीहून आलेलं यंत्र हिरवा ठिपका लुकलुकवत पुढचं वय मागत होतं.

"याचा अर्थ," हेरवाडकर खुर्चीत बसत म्हणाले, "अख्ख्या जिल्ह्याचे निकाल... राज्याचे... विज्ञानाच्या इतिहासात असा प्रसंग..." पुढचं वाक्य त्यांना सापडेना. सगळ्यांच्या नजरा तात्यांकडे वळल्या, जणू पुढे काय करायचं ते आता हाच माणूस सांगणार.

तात्यांनी हनुवटी उचलली. प्रकाशानं पाणावलेले डोळे पुसले. दाराबाहेर बाराचं ऊन पांढरं पडलं होतं. ते भिंतीपर्यंत गेले, टाचा उंचावल्या, हात ताणला, आणि मागे वळून म्हणाले,

"निशे, तेवढा खुंटीवरचा गॉगल काढून दे गं. हात पोचत नाही."